आईच्या आडून

शिंगरू माणसाला पहिल्यांदा पाहतं ते आईच्या आडून. तिच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या फटीतून, नाहीतर मानेखालून नुसता एक डोळा बाहेर काढून. आपण या बाजूला गेलो की ते त्या बाजूला जातं. आपल्या दोघांमध्ये आईचं अंग राहील, असा बेत ते जन्मल्या दिवसापासून सांभाळतं. माणूस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. ते आपल्याकडे बघतही नाही फारसं, आईच्या कानांकडे बघतं. कान सैल असतील तर येणारा बरा असावा. कान मागे पडले तर पळायचं. आपल्याविषयीचं त्याचं पहिलं मत आईच ठरवते आणि ते मत पुढं फार काळ टिकतं.

घोड्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्समधल्या मार्टिन हाउसबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली याचाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिंगरांना त्यांनी हातच लावला नाही. व्यालेल्या घोड्यांना पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटं हळुवार खरारा केला, हातानं चारलं, बस. दुसऱ्या गटात माणूस नुसता जवळ उभा राहिला. खरारा झालेल्या आयांची शिंगरं पुढं माणसाजवळ लवकर आली, अंगाला हात लावू देऊ लागली, आणि वर्षभरानंतरही हा फरक दिसत होता. याच्या उलट, जन्मल्या जन्मल्या शिंगराला धरून, दाबून, सगळ्या अंगावरून हात फिरवून ‘माणसाळवण्याची’ जी पद्धत मध्यंतरी अमेरिकेतून सगळीकडे पसरली, तिचा टिकाऊ फायदा नंतरच्या अभ्यासांत फारसा दिसला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. शिंगरू वाढवायचं म्हणजे आधी त्याच्या आईशी नीट वागायचं. आणि आईविषयी आपण जे जे ठरवतो, ते शिंगराविषयीही ठरत जातं.

आमची घोडी काशी आमच्याकडे आली ती तात्या धनगरांच्या वाड्यावरून. आमच्या फलटणकडच्या रानात मेंढरं बसवायची जुनी रीत आहे. रात्रभर मेंढ्या शेतात बसतात, जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, वाड्याला धान्य मिळतं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाच्या तोंडावर परत वर येतात. या सगळ्या वाटेत संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. पालाचं कापड, डेचकी, दाण्याच्या पिशव्या, कोंबड्यांची खुराडी, वाटेतच जन्मलेली कोकरं, आणि त्या सगळ्याच्या वर बसवलेलं एखादं पोर. काशीनं ही वाट आयुष्यभर केली. त्या साली ती गाभण होती आणि दातांवरून सोळा-सतराची दिसत होती. वरंध्याच्या घाटातून ओझ्यासकट तिला उतरवायला तात्यांचं मन घेईना.

“बाजारात न्यावी तर कोण घेतंय, कुठं नेतंय, कळायचं न्हाई ताई,” ते म्हणाले. “तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

किमतीचं बोलणं त्यांनी होऊच दिलं नाही. मी वाड्यावर शाळूची पोती पाठवली, ती मात्र घेतली.

काशी भीमथडीची. बुटकी, रुंद छातीची, तांबूस अंगाची, काळ्या खुरांची. मराठ्यांच्या फौजा ज्या तट्टांवर हिंडल्या त्या तट्टांचा हा वंश. महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे, पण ते गाणाऱ्यांपैकी कितींनी असं एखादं तट्टू जवळून पाहिलं असेल? ज्यांनी ही जात खरोखर जगवली ते धनगर. शिलेदारांच्या पागा मोडल्या, लढाया संपल्या, आणि घोडं उरलं ते मेंढरांच्या मागं चालणाऱ्या बिऱ्हाडात. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली; नोंद झालेली देशातली ही आठवी घोड्याची जात. ही नोंद पुढं काशीच्या आयुष्यात कशी येऊन उभी राहिली ते सांगणारच आहे.

फाल्गुनात ती व्याली. घोडी अकरा महिने पोट वागवते आणि बहुतेक वेळा रात्रीच विते, आजूबाजूची हालचाल थांबल्यावर. सडांच्या टोकांवर चिकाचे थेंब वाळलेले दिसले तेव्हाच आम्ही गोठ्यातला दिवा मंद करून ठेवला होता. शिंगरू मादी निघालं. जन्मलेल्या शिंगराचे पाय पाहून नवल वाटतं. धड एवढंसं आणि पाय जवळजवळ मोठ्या घोड्याच्या लांबीचे. खुरांच्या टोकांना मऊ, पिवळट, रबरासारख्या झालरी लोंबत असतात. आईचं गर्भाशय आतून फाटू नये म्हणून ही सोय. चालायला लागलं की दिवसाभरात त्या झिजून जातात. मी त्या हातात घेऊन पाहिल्या. ओल्या, बोटांत दबणाऱ्या. इतक्या कठीण होणाऱ्या अवयवाची सुरुवात इतकी मऊ असते हे माहीत असूनही हाताला पटत नव्हतं.

तासाभरात ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, आईच्या पुढच्या पायांत सड शोधू लागलं, मग भिंतीवर. काशीनं त्याला नाकानं ढकलत ढकलत योग्य जागी आणलं. चीक पोटात जाणं फार महत्त्वाचं. माणसाच्या पोराला रोगाशी लढायची शक्ती काही प्रमाणात पोटातच मिळते. घोड्याची वार ती पलीकडे जाऊच देत नाही, त्यामुळे शिंगरू जगात येतं ते अगदी निःशस्त्र. पहिल्या अर्ध्या दिवसात जेवढा चीक पोटात जाईल तेवढंच त्याचं संरक्षण. हे शिंगरू पोटभर प्यालं.

वार मात्र पुरी पडली नाही.

घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. त्यापेक्षा उशीर झाला तर वाट बघत बसायचं नसतं, डॉक्टरांना बोलवायचं असतं. डॉक्टर आले, वार काढली, पण तुकडा आत राहून गेलेला असावा. त्याचं विष रक्तात उतरलं. गाईच्या बाबतीत असं झालं तर ताप येतो, दूध आटतं. घोडीच्या बाबतीत ते विष पायांत जातं. घोड्याचं हाड खुराच्या आत नुसतं ठेवलेलं नसतं, ते टांगलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत घालून ओढली तर सुटत नाहीत, तशा शेकडो पातळ पापुद्र्यांनी हाड आणि खुराची भिंत एकमेकांना धरून असतात. दाह झाला की हे पापुद्रे सुटू लागतात. मग अख्ख्या जनावराचं वजन हाडाला खाली दाबतं, हाड वाकडं होतं, तळव्यावर टेकतं. लांबून पाहणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की घोडी पुढचे पाय पुढं रोवून, सगळं वजन मागे टाकून उभी आहे आणि चालायला तयार नाही.

खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला दोन बोटं ठेवली की नाडी लागते. एरवी ती शोधावी लागते. काशीची नाडी बोटांवर आपटत होती. खूर हाताला गरम. औषधाबरोबरच या दुखण्यावर एक साधा उपाय आहे, थंडी. सुरुवातीचे दोन-तीन दिवस खूर सतत बर्फात राहिले तर दाह रोखता येतो. उन्हाळा तोंडावर असल्यानं रस्त्याकडेची रसवंती सुरू झालेली होती. रसवंतीवाल्यानं आपल्या लाद्यांतल्या लाद्या फोडून दिल्या, रात्री-अपरात्री दार उघडून दिल्या. गोणपाटात बर्फ भरायचा, पायांभोवती बांधायचा, विरघळला की पुन्हा. घरातलं लहानथोर प्रत्येक जण या कामाला लागलं होतं.

त्या रात्रींत मी जे पाहिलं त्यानं माझा पुढचा निर्णय ठरवला. घोडी दूध पाजताना मागचा एक पाय जरासा मागे घेते, म्हणजे पोटाखाली जागा होते आणि शिंगराचं तोंड सडापर्यंत पोचतं. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला कितीतरी वेळा पितं. काशीचे पुढचे दोन्ही पाय पेटलेले, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन ती कशीबशी उभी. आता मागचा एक पाय उचलून मागे टाकायचा म्हणजे काय, तर ते वजन पुन्हा पुढच्या पायांवर घ्यायचं. शिंगरानं बाजूला नाक खुपसलं की ती एक श्वास ओढायची, नाकपुड्या ताणल्या जायच्या, आणि पाय मागे घ्यायची. दर वेळी. एकदाही तिनं शिंगराला लाथ मारली नाही, एकदाही ती सरकून दूर झाली नाही. अंगावरची कातडी मात्र थरथरायची. दूध कमी पडेल म्हणून आम्ही शेळीचं दूध बाटलीनं पाजायला सुरुवात केली, तेही कशाला तर काशीचे फेरे कमी व्हावेत म्हणून. शिंगरांना शेळीचं दूध मानवतं.

ती वाचली. पण हाड किंचित सरकलेलं होतं. चालेल, चरेल, मऊ जमिनीवर जरा पळेलही. ओझं आणि घाट मात्र संपले.

घोडी व्याल्यावर सात ते बारा दिवसांत पुन्हा माजावर येते. गाई-म्हशी पाळणाऱ्याला हे ऐकून आश्चर्य वाटतं. शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात या वेळेला फार किंमत आहे. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं बरं. पोट अकरा महिन्यांचं, तेव्हा दर वर्षी शिंगरू हवं असेल तर व्याल्यानंतर महिन्याभराच्या आत घोडी पुन्हा भरली पाहिजे. रिकामं गेलेलं वर्ष म्हणजे तोट्याचं वर्ष. मोठ्या फार्मवर हे पंचांग घोडीच्या आयुष्यावर बसवलेलं असतं. पण ते तिथंच थांबत नाही. काशी अजून लंगडत होती तेव्हा शेजारच्या गावातले एक घोडेवाले येऊन गेले. त्यांच्याकडे उंच मारवाडी घोडा आहे. त्यांनी काशीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “पाय गेले तरी पोट चांगलं आहे. अर्धलीनं भरवू. शिंगराचे पैसे निम्मे निम्मे.”

हे बोलणं बाजारातलंच आहे, त्यात त्यांचा वेगळा काही दुष्टपणा नव्हता. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो तिथं जाऊन उभं राहावं. पंचकल्याणी आहे का, गळ्याशी देवमन आहे का, डोळा कसा आहे, उंची किती, हे सगळं घोड्याबद्दल विचारतात. घोडीबद्दल मात्र विचारतात ते मागच्या शिंगराबद्दल आणि पुढच्या शिंगराबद्दल. तिची स्वतःची किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

त्या घोडेवाल्यांना नाही म्हणणं सोपं गेलं. अवघड होतं ते दुसऱ्याच कुणाला नाही म्हणणं. भीमथडीसाठी मनापासून धडपडणारी काही तरुण मंडळी काशीला पाहायला आली. त्यांना पैसे नको होते. त्यांच्याकडे भीमथडीचाच चांगला घोडा होता. २०१२च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. टेंपो आले, रस्ते झाले, वाड्यांनीही पिकअप घेतले. जातीची नोंद झाली हे खरं, पण जातिवंत घोड्याच उरल्या नाहीत तर त्या नोंदीचं करायचं काय? काशीसारखी घोडी आणखी दोन-तीन शिंगरं देऊ शकली तर ती द्यायला नकोत का? हा प्रश्न खरा होता आणि मी तो मनातून काढून टाकला नाही. मलाही ही जात राहायला हवी आहे. या तट्टांशिवाय आमच्या माळरानाचा इतिहास मला अपुरा वाटतो.

तरी मी नाही म्हणाले. जात टिकवायची म्हणून एका आजारी आईला पुन्हा पोटुशी करायचं, पुन्हा ती वार, पुन्हा ते पाय, पुन्हा ते मागचा पाय मागे घेणं, हे मला मान्य नाही. जात म्हणजे शेवटी एकेक घोडीच असते. गणनेतल्या आकड्याला पाय नसतात, काशीला आहेत, आणि ते दुखतात. शिवाय भीमथडी घडली ती काही निवडून भरवलेल्या घोड्यांमधून नाही. चालण्यातून घडली. घाट चढत-उतरत, निकृष्ट चाऱ्यावर, दगडात, ज्या घोड्या तग धरून राहिल्या त्यांचीच पोरं मागं राहिली. वाट बंद झाली आणि नुसता वंश चालू ठेवला तर आपल्या हाती बुटके घोडे राहतील, भीमथडी राहणार नाही.

त्या दिवसांत मला संज्ञेची कथा सारखी आठवायची. सूर्याची बायको संज्ञा. मनू, यम, यमी ही तिची मुलं. नवऱ्याचं तेज सोसवेना तेव्हा तिनं आपली छाया आपल्या जागी उभी केली आणि घर सोडलं. ती गेली उत्तरकुरूला, आणि तिथं राहिली ती घोडीच्या रूपात. रानात एकटी, चरत, तप करत. आपण ही गोष्ट ऐकतो ती पुढच्या भागासाठी. सूर्याला कळतं, तोही घोड्याचं रूप घेऊन तिथं जातो, आणि मग अश्विनीकुमार जन्मतात, देवांचे वैद्य. त्या जन्माची थोरवी आपण सांगतो. पण बाई, पत्नी, आई या सगळ्यातून थोडी विसाव्याला म्हणून जी घोडी झाली, तिला घोडीच्या रूपातही पुन्हा आई व्हावं लागलं, इकडे कुणी थांबून पाहत नाही. मला तिच्या त्या मधल्या काळाविषयी वाटत राहतं. कुणाचीच नसलेली, गवतात तोंड घालून उभी असलेली एक घोडी. काशीला मी तेवढं तरी देऊ शकत होते.

शिंगराचं नाव तात्यांच्या नातीनं ठेवलं, भिंगरी. पावसाच्या आधी वाडा वर आला तेव्हा शिंगरू स्वतःभोवती गोल गोल फिरत होतं, तेवढ्यावर.

भिंगरी वाढली ती आईच्या दुखण्याच्या सावलीत, आणि त्यातून तिच्यात एक गोष्ट अशी आली जी आम्ही शिकवायला गेलो असतो तर जमली नसती. पहिल्या आठवड्यात तिनं माणसं पाहिली ती आईच्या पायांशी वाकलेली. गोणपाट बांधणारी, खूर उचलणारी, बोटांनी नाडी बघणारी. आणि आई ते करू देत होती. पुढं तिचे खूर छाटायला नालबंद आला. शिंगरं पाय द्यायला फार त्रास देतात. पाय दिला म्हणजे पळण्याची सोय दिली, हे त्यांना उपजत कळतं. भिंगरीनं पाय उचलून दिला आणि नालबंदाच्या पाठीवर मान टेकवून उभी राहिली. तो म्हातारा माणूस, हजारो खूर हाताखालून गेलेला. कानस बाजूला ठेवून तो मला म्हणाला, “हिला कुणी शिकवलं?” मी काशीकडे बोट केलं.

खरारा रोज दोघींना, पण आधी आईला. मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या वरच्या उंचवट्यावर खरारा लागला की घोड्याचा वरचा ओठ लांब होतो, हलू लागतो, डोळे अर्धे मिटतात. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तेही बहुतेक याच जागी. फ्रान्समध्येच १९९३ साली एका अभ्यासात दिसलं होतं की या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. काशीचा ओठ हलू लागला की भिंगरी मध्ये नाक घालायची, आधी खराऱ्याला, मग माझ्या मनगटाला, मग काशीच्या त्याच जागी आपले इवले दात लावायची. आई तिला परत खाजवायची. मग मला बाजूला होण्याशिवाय गत्यंतर नसायचं.

शिंगरू अवघ्या चार-सहा महिन्यांचं झालं की आईपासून तोडायचं, ही सगळीकडची रीत. एके दिवशी आईला गाडीत घालून दुसरीकडे नेतात. दोघं दिवसचे दिवस खिंकाळतात, खाणं सोडतात, कुंपणावर येरझाऱ्या घालतात. पुढं लाकूड चावत बसण्याची, जागच्या जागी डुलण्याची खोड कित्येकांना याच दिवसांत लागते. कारण सहसा एकच, आई पुन्हा गाभण असते आणि तिला विश्रांती हवी असते. काशी गाभण नव्हती. तेव्हा घाई कुणाला होती? आइसलंडच्या घोड्यांवर झालेल्या एका अभ्यासात आईला आणि पिलाला एकत्र राहू दिलं तर आयांनी नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास आपणहून दूध तोडलं, आणि शिंगरांना त्याचा ताण जवळजवळ जाणवला नाही. आमच्याकडेही तसंच झालं. पौषाच्या थंडीत काशीनं पाय मागे घेणं बंद केलं. भिंगरीनं नाक लावलं की ती एक पाऊल पुढं जायची. कान मागे, पण दात नाहीत. थोडे दिवस भिंगरी खट्टू होऊन आईच्या शेपटाशी उभी राहिली, मग कडब्यात तोंड घालू लागली. ही वेळ आम्ही ठरवली नाही याचं मला फार समाधान आहे.

खाण्याचं मात्र आम्हीच ठरवतो. आमचा भाग उसाचा, बांधाबांधावर वाढे पडलेले, आणि येणारा जाणारा प्रेमानं चार वाढे टाकून जातो. काशीच्या पायांना त्यातली साखर विष आहे, म्हणून कुंपणावर पाटी लावली आहे. भिंगरीलाही दाणा बेतानंच. शिंगराला भरपूर चंदी घातली तर ते झपाट्यानं वाढतं, पाहणाऱ्याला छान दिसतं, आणि सांधे मात्र त्या वेगानं पिकत नाहीत. पाठीवर ओझं इतक्यात नाही. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपर्यंत चालूच असते. शर्यतीत घोडे दोन वर्षांचे असताना पळवतात हे मला माहीत आहे. मला ते कधी पटलेलं नाही.

एक निर्णय अजून पुढं आहे, आणि तो मी आताच सांगून ठेवला आहे. काशीचे पाय कधीतरी पुन्हा भडकतील. ती आडवी होईल आणि उठणार नाही. घोड्याला आडवं पडून राहणं सोसत नाही. स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू आणि फुप्फुसं दबत जातात. तेव्हा ‘देव नेईल तेव्हा नेईल’ म्हणून तिला तशी ठेवायची नाही, डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायचं, हे मी डॉक्टरांना आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे. घरात काहींना हे बोलणं अभद्र वाटलं. मला ते तिच्या खाण्यापिण्याइतकंच आमच्या जबाबदारीचं वाटतं. आणि त्या वेळी भिंगरी इथं असली तर तिला लांब नेऊन बांधू नका, हेही सांगितलं आहे. आई मेलेली तिला हुंगू दिली पाहिजे. नाहीतर ती शोधत राहील.

आता दिवाळी झाली आहे आणि वाडा निघायच्या तयारीत आहे. तात्या बांधावर येऊन बसले. भिंगरीला या साली वाड्याबरोबर मोकळी चालवत न्यावी, असं त्यांच्या मनात आहे. पाठीवर काही नाही, खोगीरसुद्धा नाही. नुसता घाट पायाखालून जाऊ द्यायचा, दरीत उतरणारी वाट, पाण्यातले गोटे, रात्रीची मेंढरं. घरच्यांना वाटतं, आईजवळून तिला हलवू नये. पण मी जे त्या तरुण मंडळींना बोलले होते त्याचा अर्थ हाच होता. जात आईच्या पोटातून ओरबाडायची नाही, लेकीला वाटेवर जाऊ द्यायचं. भिंगरी जाईल.

अडचण काशीची होती. कळपातलं जनावर एकटं राहत नाही, झुरतं. तिच्यासाठी तात्यांनी आपलं एक म्हातारं तट्टू मागं ठेवायचं ठरवलं आहे. त्याच्या पुढच्या पायात वात धरलाय, त्यालाही यंदा घाट झेपणार नव्हता. पूर्वी काशी आणि ते एकाच वाड्यात चालत, तेव्हा ओळख जुनी आहे.

“दोन म्हाताऱ्यांचं दाणावैरण झेपंल का, ताई?” तात्यांनी विचारलं.

चुलतभावानं यंदा शाळू जास्त पेरलाय. कडबा आमच्यासाठी राखून ठेव, म्हणून त्याला निरोप धाडला आहे. तोवरची वैरण वाड्यावरचं पोरगं उद्या सकाळी तट्टू घेऊन येईल तेव्हा मोजून घेऊ.